बाळाकडे न बघता तेल लावणारी आजी नापास कशी?

केळीबाग (रावेर तालुका, एरवी पुणे)

नमस्कार मंडळी. बाळंतपणाला माहेरी आले आहे. मुलगा साडेतीन महिन्यांचा. नवरा पुण्याला, सुट्टी मिळेल तसा येतो.

भांडण असं आहे. फोनमध्ये बाळाच्या वाढीचं एक ॲप आहे, ते रोज सकाळी गृहपाठ देतं. बाळाच्या डोळ्यांत बघा, त्याच्याशी बोला, त्याने 'आ' केलं की उत्तर द्या, मग थांबा, त्याची पाळी येऊ द्या. मला हे आवडतं आणि मी करतेही. पण दिवसाचा निम्मा वेळ पोरगं माझ्या आजीच्या ताब्यात असतं, आणि आजी यातलं काहीही करत नाही. मोरीत पाटावर पाय लांब सोडून बसते, पोराला नडगीवर उपडं टाकते, कोपराने पाणी बघते आणि सुरू होते. तोंड चालू असतं ते दाराशी उभ्या शेजारच्या काकूंशी, कांद्याच्या भावावर. नवऱ्याने हे व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाला, "अगं, ती त्याच्याशी इंटरॅक्टच करत नाहीये."

तेव्हापासून मी आजीच्या तोंडाकडे न बघता हाताकडे बघायला लागले. पोटऱ्या रगडताना पोरगं अंग ताठ करतं, की हात तिथल्या तिथे थांबतो, नुसता टेकून राहतो. अंग सैल पडलं की पुढे सरकतो. उजवा हात डाव्या पायाला, डावा हात उजव्या पायाला लावताना तो हुंकारतो, आणि पुढची घडी त्याच्या हुंकारावर पडते. कांद्याचा भाव तसाच सुरू. ॲप ज्याला पाळी म्हणतं ती इथे बिनबोभाट चालली आहे, हाताने.

बी.ए.ला मानसशास्त्र होतं, त्यामुळे जुनं थोडं उकरलं. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात एक प्रयोग केला. आई बाळाशी नेहमीसारखी खेळते, मग सांगितल्यावरून दोनेक मिनिटं चेहरा अगदी मख्ख ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, ओरडतं आणि शेवटी तोंड फिरवून घेतं. माझ्या नवऱ्याचा सगळा युक्तिवाद या प्रयोगाच्या व्हिडिओवर उभा आहे.

पण त्याच सुमारास रॉबर्ट लेव्हाइन आणि त्यांचे सहकारी केनियातल्या गुसी लोकांत होते. तिथल्या आया बाळाच्या नजरेला नजर फार देत नाहीत. बाळ फारच खुशीत येऊन बघायला लागलं तर उलट मान वळवतात. त्यांना बाळ शांत हवं, उत्तेजित नको. मात्र रडलं की झटकन कडेवर, झटकन अंगावर. तुलनेला घेतलेल्या बोस्टनकडच्या आया बघणं आणि बोलणं भरपूर करत होत्या, धरणं कमी.

मग गुसी बाळं जन्मभर मख्ख चेहऱ्याच्या प्रयोगातच वाढली म्हणायची का? मला वाटतं, ट्रॉनिकचं बाळ कळवळलं ते रोजचं मिळणारं अचानक तुटलं म्हणून. माझ्या पोराला आजीकडून डोळ्यांची सवयच नाही, तिच्याकडून त्याला हात हवा असतो. एक दिवस आजीने अर्ध्यात हात काढला (गॅसवर दूध होतं), तेव्हा त्याने जो आकांत केला तो त्या व्हिडिओतल्या बाळापेक्षा कमी नव्हता.

तुमच्या घरी बाळाशी कोण, कसं बोलायचं? खानदेशातल्यांनी तर सांगाच, बाहेरच्यांनीही सांगा.

---

शिरपूरचा_नाना

ताई, आमच्याकडे बाळाशी बोलत नसत हे खरं आहे आणि खोटंही आहे. बाळाशी कमी, बाळाच्या वतीने जास्त. घरात कोणी आलं की मोठी माय नातवाला मांडीवर बाहेर तोंड करून बसवायची आणि बारीक आवाज काढून त्याचं बोलणं स्वतः बोलायची, "माले वळखं का, मामा? मी रातभर मायले झोपू नही दिधं!" मामा बाळालाच उत्तर देणार, "बरं करं, तुनी माय बी आशीच व्हती." सगळी बैठक हसायची. बाळ टकामका बघत असायचं. त्याला अजून मानही धरता येत नव्हती, पण बैठकीत त्याची जागा पक्की.

शिवाय बाळ हे घरातलं टपालखातं होतं. सासू-सासऱ्यांसमोर नवरा-बायको एकमेकांशी धड बोलत नसत. मग आई माझ्या धाकट्या भावाला सांगायची, "सोन्या, तुझ्या बाबांना सांग, तेल संपलं." बाबा सोन्यालाच सांगायचे, "उद्या बाजार आहे म्हणावं." आणि वडीलधारे बसलेले असताना बाबांनी आम्हाला उचलून घेतल्याचं मला आठवत नाही. आपल्याच पोराचं कौतुक बापासमोर करायचं नाही, अशी रीत. उचलायचे ते काका. बाबा काकांची पोरं उचलायचे. हिशेब बरोबर!

---

पांझरेकाठी (धुळे)

नाना, तुमची मोठी माय आणि पापुआ न्यू गिनीच्या जंगलातल्या कालुली आया सख्ख्या बहिणी दिसतात. बांबी शिफेलिन तिथे राहून आल्या आणि १९८४ मध्ये एलिनॉर ओक्स यांच्याबरोबर त्यांनी त्यावर लिहिलं. कालुली आई बाळाला लोकांकडे तोंड करून धरते आणि उंच आवाजात बाळाच्या वतीने बोलते, मोठ्या भावंडांशी वगैरे. थेट बाळाशी गप्पा मारत नाही. बाळाला अजून काही समजत नाही, तर त्याच्याशी काय बोलायचं, असं तिचं मत. बोबडं बोलणं तर तिला मुळीच मान्य नाही. पोरांनी नीट बोलायला शिकायचं, मग त्यांच्यासमोर वेडंवाकडं का बोलायचं? तरी कालुली पोरं बोलायला शिकतातच.

मी भाषाविज्ञान शिकवतो, म्हणून या ॲपवाल्यांच्या मुळाशी जातो. गरीब घरातल्या मुलांच्या कानावर चौथ्या वर्षापर्यंत तीन कोटी शब्द कमी पडतात, हा आकडा तुम्ही कुठे ना कुठे वाचला असेल. तो बेटी हार्ट आणि टॉड रिझ्ली यांचा, १९९५ चा. अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीतली ४२ कुटुंबं, महिन्यातून एकदा तासभर ध्वनिमुद्रण, आणि त्यावरून पुढची वर्षं गुणाकाराने. अभ्यास कष्टाचा होता, त्याबद्दल दुमत नाही. पण ४२ घरांवरून अख्ख्या पृथ्वीच्या आयांना गृहपाठ देणं मला पटत नाही.

नंतर अभ्यासक इतरत्रही गेले. बोलिव्हियातल्या चिमाने लोकांत चार वर्षांखालच्या मुलांशी थेट बोललं जातं ते दिवसाउजेडी ताशी एक मिनिटापेक्षाही कमी. मेक्सिकोत चियापासमधल्या त्सेल्ताल माया खेड्यात मारिसा कासियास यांना ताशी साडेतीन मिनिटांच्या आसपास मिळालं. मुलं दिवसभर आईच्या पाठीला बांधलेली, आई कामात. तरी पहिला शब्द, दोन शब्दांची जोडी हे टप्पे ती साधारण इतरांसारखेच गाठतात.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर लबाडी होईल. मेक्सिकोतच युकातान भागातल्या माया मुलांवर २०१२ मध्ये आलेल्या अभ्यासात असं दिसलं की नुसतं कानावर पडलेल्या बोलण्यावरून नाही, तर मुलाला उद्देशून बोललेल्यावरून पुढच्या शब्दसंग्रहाचा अंदाज येत होता. म्हणजे बोलणं वाया जात नाही. पण न बोलणाऱ्या आजीला नापास करण्याइतका पुरावा नाही.

---

कपाशी_कोरडवाहू (अमळनेरकडची)

सगळे आजीच्या हातावर लट्टू झालेत, म्हणून थोडं विरजण टाकते.

केळीबाग, तू माहेरी आहेस. तुझी आजी तुझी आहे. माझं पहिलं बाळंतपण सासरी झालं. मालिश सासूबाई करणार, टाळू चुलतसासूबाई भरणार, धुरी कोण देणार यावरून दोघींची कुरबुर. बाळ रडलं की पाच जणी धावणार, आणि त्या पाच जणींत मी नाही, कारण मी बाळंतीण, मी पडून राहायचं. दूध पाजायला आणून द्यायच्या, झालं की घेऊन जायच्या. पाजताना मी त्याच्याशी बोलायला लागले तर, "पाजताना बोलू नको, हवा जाते पोटात." माझं पोरगं माझ्याकडे बघून हसतं की सवयीने हसतं, हे समजायला मला सव्वा महिना उलटावा लागला.

परदेशी अभ्यासकांना आपलं एकत्र कुटुंब फार गोड वाटतं. त्यात सून कुठे बसते, तेही कोणी मोजावं.

बाकी हातातलं बोलणं असतं, ते मान्य. ते कोणाच्या हातातलं, हा माझा प्रश्न.

---

मुक्ताईनगर_ते_म्युन्स्टर

कपाशीताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी अगदी दुसऱ्या टोकाला होते, म्हणून लिहिते.

जर्मनीत माझ्या बाळंतपणात घरात मी, नवरा आणि बाळ. कोणी धावणारं नाही. सुईण मात्र घरी येते, सुरुवातीला रोज, आणि खर्च आरोग्य विम्यातून. अतिशय प्रेमळ बाई. तिने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, बाळाची खोली कुठली? मी म्हटलं, आमची तीच त्याची. तिने काही म्हटलं नाही, फक्त पलंगाशेजारी लावायचा छोटा पलंग मिळतो तो सुचवला. झोपताना बाळ एकाच खोलीत असावं पण वेगळ्या गादीवर, असा तिथल्या डॉक्टरांचा सल्ला असतो. अचानक मृत्यूचा धोका त्याने कमी होतो, आणि ते मी पाळलं.

गंमत म्हणजे बाळांची ही तुलना करणाऱ्या हायडी केलर आमच्या शेजारच्याच ओस्नाब्रुक विद्यापीठातल्या. त्यांनी कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी आया, जर्मन शहरी आया, आणि आपल्या शेजारच्या गुजरातेतली ग्रामीण कुटुंबंही बघितली. न्सो आई बाळाला अंगाशी धरते, उभं धरून उड्या मारवते, हातपाय ताणते. जर्मन आई बाळाला सतरंजीवर उताणं ठेवून वर वाकते, चेहरा समोर, खुळखुळा हातात. म्युन्स्टर आणि न्सो अशी थेट तुलनाही झाली, २०१२ मध्ये आली. सहा आठवड्यांची असताना दोन्हीकडची बाळं आईकडे बघून सारखीच हसत होती. बारा आठवड्यांना म्युन्स्टरची बाळं बरीच पुढे गेली, कारण त्यांच्या आया हसण्याला हसून उत्तर देत होत्या. न्सो आयांना हसरं बाळ एवढं महत्त्वाचं वाटतच नव्हतं.

आणि पुढे? केलर यांच्याच २००४ च्या अभ्यासात दीड-पावणेदोन वर्षांची मुलं बघितली. ग्रीक शहरी मुलं आरशात स्वतःला लवकर ओळखायला लागली होती. न्सो मुलं सांगितलेलं ऐकण्यात, स्वतःला आवरण्यात पुढे. कोस्टा रिकाची मुलं दोन्हींत मधे. जे लाड तुम्ही करता, ते पीक येतं.

माझी आई दोन महिने आली होती. ती मालिश करायची तेव्हा खालच्या मजल्यावरच्या जर्मन बाई बघायला आल्या, आणि थोड्या दचकल्या. पाय धरून उलटं करतात हे त्यांना झेपेना. आई म्हणाली, "हिले सांग, पोरगं काचनं नही शे."

---

बाळरोग_डॉक्टर_जळगाव

मालिशीचा विषय निघालाच आहे तर पटकन. मालिश जरूर करा. उलटं टांगू नका, मान सांभाळा. (मुक्ताईनगरच्या आई, तुमच्या जर्मन शेजारणीची भीती अगदीच अनाठायी नाही.) नाका-कानांत तेल सोडू नका. डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसं निघतं. वर्षाच्या आत मध चाटवू नका, बोट्युलिझमचा (जिवाणूंच्या विषाने होणाऱ्या गंभीर आजाराचा) धोका असतो. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नको, गुटीसुद्धा नको.

---

शिरपूरचा_नाना

डॉक्टरसाहेब, तेल कोणतं? आमच्याकडे घाण्याचं शेंगदाण्याचं.

भुसावळ_जंक्शन

तिळाचं. शेंगदाण्याचं चिकट होतं.

मी_फैजपूरची

खोबरेल! उन्हाळ्यात दुसरं काही लावून तर बघा, घामोळ्या उठतात.

धागा_राखणदार

तेलासाठी वेगळा धागा काढला आहे. इथे बाळावरच राहा.

---

अंगणवाडी_धडगाव

मी रोज वाचते, लिहिते क्वचित. इथे शहरातली आणि गावातली आई अशी तुलना चालू आहे. सातपुड्यात तिसरीच गोष्ट आहे, ती सांगते.

आमच्या पाड्यांवर पावरा आणि भिल आया बाळाला कापडाने अंगाशी बांधून सगळं काम करतात. पाणी, लाकूड, निंदणी. शेतात असतील तर बाळ झाडाला बांधलेल्या झोळीत. दिवसभर अंगाची ऊब असते आणि मागेल तेव्हा दूध. या बाळांना आईची ओढ कमी असते असं मला तरी कधी दिसलं नाही.

पण दिवाळीनंतर निम्मा पाडा ऊसतोडीला गुजरातेत जातो. कोयता दोघांचा, म्हणजे आई-बाप दोघंही फडात. बाळ कोपीत (फडाजवळच्या झोपडीत) किंवा बांधावर, आणि सांभाळायला आठ-नऊ वर्षांची बहीण. तीच त्याची आई. तिची शाळा बुडते ती वेगळीच. परत येतात तेव्हा मी वजन करते. काही मुलं वाढीच्या तक्त्यावर दोन रंग खाली उतरलेली असतात. तेव्हा कृपा करून कोणी मला सांगू नका की हीसुद्धा एक संस्कृती आहे. भूक आणि थकवा ही कोणाची संस्कृती नाही. संध्याकाळी फडातून आलेल्या बाईत बोलायचंही त्राण नसतं, आणि हातातही नसतं.

म्हणून 'बोला, खेळा' याला मी सरसकट शहरी फॅड म्हणणार नाही. जमैकात किंग्स्टनमध्ये १९८६-८७ ला वाढ खुंटलेल्या १२९ मुलांना घेऊन काम झालं. सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांचं. स्थानिक आरोग्य सेविका आठवड्यातून एकदा तासभर घरी जायच्या आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी आईला खेळून दाखवायच्या. दोन वर्षं. वीस वर्षांनी ती मुलं कमवायला लागली, तेव्हा भेटी न मिळालेल्यांपेक्षा त्यांची कमाई साधारण २५ टक्क्यांनी जास्त होती. नुसता पूरक आहार मिळालेल्यांत एवढा लांबवर टिकणारा फरक दिसला नाही. आमच्या प्रशिक्षणात हे सांगितलं तेव्हा मी वहीत लिहून ठेवलं, कारण ती सेविका म्हणजे मीच की. आता आमच्याकडेही जन्मापासून तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी 'नवचेतना' म्हणून आराखडा आला आहे, २०२४ पासून.

---

पांझरेकाठी

ताई, बिनतोड. फक्त एक जोडतो. जमैकाच्या सेविकांनी आईला तिच्याच घरात, तिच्याच भाषेत करून दाखवलं. ॲप फक्त हुकूम सोडतं.

कपाशी_कोरडवाहू

आणि ती सेविका थेट आईलाच शिकवत होती. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं.

---

केळीबाग

सगळ्यांचे आभार. कपाशीताई, तुमचं वाचून मी आईला विचारलं. माझ्या वेळी तिला मला पहिल्यांदा न्हाऊ घालायला कधी मिळालं? ती हसली आणि म्हणाली, "सासूबाई पंढरपूरला गेल्या तेव्हा." पुढे बोललीच नाही.

घरात आता असं ठरलं आहे. मालिश आजीचीच, तिच्या पद्धतीने, आणि त्या वेळी कोणी कॅमेरा लावून बसायचं नाही. नवरा येतो तेव्हा पोराला पायावर घेऊन न्हाऊ तो घालणार. आजी शिकवते आहे. पहिल्या दिवशी तो सारखा बोलत होता, "आता पाय, आता हात, आता पाठ," आणि पोरगं ताठच्या ताठ. आजी म्हणाली, "तोंड बंद कर आनि हात ढिला सोड." ॲपचा गृहपाठ मी संध्याकाळी करते, मला मजा येते म्हणून. सकाळच्या सूचना बंद केल्या.

धडगावच्या ताई, एक विचारायचं होतं. त्या आठ-नऊ वर्षांच्या बहिणींना तुम्ही काय सांगता? आईला सांगायला आईच नाही ना तिथे.

---

अंगणवाडी_धडगाव

पोरींना सांगायला फार लागत नाही. त्या बाळाशी आमच्यापेक्षा जास्त बोलतात, गाणी म्हणतात, मातीची भांडी मांडून बाळालाही पाहुणा करतात. खेळ शिकवायची गरज नसते. मी जाण्याआधी तीन गोष्टी सांगते. कोपीतल्या चुलीपासून बाळ लांब ठेवायचं. हगवण लागली की मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी कशी कालवायची, ते दोनदा करून घेते आणि पुड्या बरोबर देते. आणि बाळ सुस्त पडलं, हाक मारून बघेना, तर आईचं काम अर्धं राहिलं तरी तिला फडातून बोलावून आणायचं, मुकादम ओरडला तरी. हे तिसरं मी आईसमोर सांगते, म्हणजे पोरीला मार बसत नाही.

बाकी उत्तर परवा देते. उद्या आहाराची गाडी वर चढणार आहे आणि पुलाजवळ रस्ता खचला आहे, पोती उतरवायला माणसं बघायची आहेत.